ओहोटीला खडकांवरून चालताना परतीची वेळ कशी ठरवायची?

किनारवाट
दीड किलोमीटरचा खडकाळ पट्टा चालायचा आहे. एका अंगाला उभा कडा, मध्ये दोन-तीन घळी, आणि वर चढायची वाट फक्त दोन टोकांना. भरती-ओहोटीच्या तक्त्यात त्या दिवशीची ओहोटी ११:२० ला आहे, पाणी ०.४ मीटर. पुढची भरती साडेपाचच्या सुमारास, ४.० मीटर. ११ वाजता उतरून, ओहोटीत खडकांत मागे राहिलेली डबकी बघत, सावकाश पलीकडे जायचा विचार आहे. चार-पाच तास मिळतील ना? पायात काय घालावं? आणि डबक्यातल्या प्राण्यांना हात लावलेला चालतो का?

उधाणभांग
चार-पाच तास अजिबात मिळणार नाहीत. ११ ला उतरलात तर चालण्याचा बहुतेक वेळ चढत्या पाण्यात जाईल.

पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या भागांचा: पहिल्या तासात एकूण चढाचा १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, मग २, मग १. तुमचा चढ ३.६ मीटर, म्हणजे एक भाग ३० सेंमी. १२:२० ला पाणी ०.७ मीटर, १:२० ला १.३ आणि २:२० ला २.२. तिसऱ्या तासात दर मिनिटाला दीड सेंमी चढतं. पहिला तास शांत जातो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. (दिवसाला एकच भरती येते किंवा चढ अगदी कमी असतो, अशा किनाऱ्यांवर हा हिशेब लावू नका.)

तुम्ही ९:३० च्या सुमारास, पाणी उतरत असताना सुरुवात करा. डबकी बघत चालणारा माणूस खडकांवर तासाला किलोमीटरही जात नाही. ११:२० पर्यंत शेवटची घळ मागे पडलेली हवी. ती पडली नसेल, तर आलात त्या वाटेने परत फिरायचं की पुढे जायचं हे तिथेच, पाणी सर्वांत खाली असताना ठरवा.

खडपवाट
वरच्या हिशेबाला एक जोड देतो. धोका समोरच्या पाण्यापेक्षा मागच्या घळीचा असतो. तुम्ही उभे असता तो खडक उंच आणि कोरडा असतो, पण कड्याच्या पायथ्याची घळ त्याहून खोल असते. पाणी आधी तिच्यात शिरतं आणि परतीची वाट तुटते.

घळीची उंची मोजायची गरज नाही, घड्याळ पुरतं. उतरत्या पाण्यात तिचा तळ कधी उघडा पडला ते टिपून ठेवा. समजा ९:५० ला पडला, म्हणजे ओहोटीच्या दीड तास आधी. तर ओहोटीनंतर साधारण दीड तासाने, १२:५० ला, ती पुन्हा भरायला लागेल. लाटा त्याआधीच आत येतात, म्हणून अर्धा तास कापा: १२:२० नंतर ती घळ ओलांडायची नाही. प्रत्येक घळीची अशी वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा.

तक्त्यातले आकडे वाचतानाही सावध राहा. ०.४ मीटर ही ठरावीक पातळीपासूनची उंची असते, तुमच्या खडकावरची खोली नव्हे. वेळ जवळच्या बंदराची असते, तुमच्या किनाऱ्यावर ती पुढेमागे होते. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने घसरला तर पाणी सुमारे १० सेंमी वर राहतं, आणि समुद्राकडून जोराचा वारा असेल तर त्यात आणखी भर पडते. लाटांचा तर तक्त्यात पत्ताच नसतो. उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उंचावर उभं राहून लाटा बघा. मोठ्या लाटा मधूनमधून झुंडीने येतात, दोन-चार मिनिटं बघून कळत नाही. खडक जिथवर ओला आहे तिथवर लाट पोचते, हे धरूनच चाला. समुद्राला पाठ करू नका. कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी घालायची नाही, तरंगणारं काहीतरी फेका आणि मदत बोलवा.

शेवाळवेडी
पायांबद्दल: बोटं झाकणारे, लेसचे, मऊ रबरी तळाचे आणि खोल खाचांचे बूट. सँडल नकोत, कालवांच्या कडा बोटं कापतात. गमबूटही नकोत, पाणी भरलं की पाय उचलत नाही.

खडकाचा रंग बघून पाऊल टाका. भरतीच्या रेषेजवळचा काळा पट्टा नुसता डागासारखा दिसतो, पण ओला झाला की सर्वांत निसरडा तोच. त्याखालचा बार्नॅकलचा (खडकाला चिकटलेल्या, टणक कवचाच्या बारीक जीवांचा) पांढुरका, खरखरीत पट्टा पकड देतो, मात्र तिथे पडलात तर सोलून निघाल. आणखी खाली हिरवं-तपकिरी शेवाळ येतं, त्याखालची भेग दिसत नाही. तिथे आधी काठी टेका, मग वजन टाका.

खरचटलं तर गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि जखम समुद्राच्या पाण्यात झाली हे सांगा, औषध त्यावर ठरतं.

प्राण्यांना हात लावायचाच तर आधी तो डबक्यातच भिजवून घ्या, कोरडा हात आणि सनस्क्रीन दोन्ही त्यांना बाधतात. लिंपेट, म्हणजे खडकाला चिकटलेली शंकूसारख्या कवचाची गोगलगाय, उपटू नका. तो भरतीत चरायला जातो आणि बऱ्याच जाती आपल्या त्याच खळग्यात परत येऊन बसतात. खडक आणि कवच एकमेकांत इतके घट्ट बसतात म्हणूनच तो उन्हात सुकत नाही. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूची अंडी आणि स्पंज उन्हात मरतात, वरचं शेवाळ अंधारात.

उष्ण समुद्रात कोन शंख (शंकूच्या आकाराचा, विषारी गोगलगायीचा शंख) रिकामा वाटला तरी उचलू नका, त्याच्या डंखावर उतारा नाही. कपारीत न बघता बोटं घालू नका. अर्चिनचा, म्हणजे साळिंदरासारख्या काटेरी, गोल समुद्री प्राण्याचा काटा घुसला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास पाय बुडवा. वर आलेला काटा चिमट्याने सरळ ओढा. सांध्याजवळ घुसला असेल तर उकरत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

किनारवाट
९:३० नक्की. पण मग पौर्णिमा-अमावास्येलाच जावं का? तेव्हा पाणी जास्त उतरतं ना?

उधाणभांग
सर्वांत मोठं उधाण बहुतेक ठिकाणी पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतं. खडक जास्त उघडा पडतो हे खरं, पण तेवढाच मोठा चढ त्याच सहा तासांत होतो, म्हणून पाणी जोरात येतं. अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, चढ कमी आणि संथ असतो, पण खालची डबकी उघडतच नाहीत, घळीही कदाचित कोरड्या पडणार नाहीत. पहिल्या खेपेला उधाण आणि भांग यांच्या मधला दिवस धरा आणि फक्त पहिल्या घळीपर्यंत जाऊन, तिची वेळ टिपून परत या.

खडपवाट
आणि दुसऱ्या टोकाची वाट आधी वरून जाऊन बघा. दरड कोसळून ती बंद असेल, तर हे खालून कळेपर्यंत मागची घळ भरलेली असेल.