सहमतीपत्रावर सही केली म्हणजे सरकारवर केस करायचा हक्क संपला का?

संत्रावाला: मोठ्या बाबांचं काटोलकडचं वावर रस्त्यात गेलं. थेट खरेदी झाली, पैसे खात्यात आले, पण सहमतीपत्रात खाली एक ओळ आहे, "यापुढे शासनाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दावा करणार नाही". अन् आता दिसून राहिलं की विहिरीचे आणि संत्र्याच्या झाडांचे पैसे धरलेच नाही! माझं म्हणणं, असं लिहून घेताच कसं येते बाप्पा? कोर्टात जायचा हक्क काय सातबारा आहे का, खरेदीखतात उतरवून दिला?

सदरवाले वकील: काहून नाही येत? दावा मिटवायचे पैसे घेतले ना. सहमतीने निवाडा, म्हणजे मोबदल्याचा सरकारी निर्णय, झाला की वाढीव मोबदल्यासाठी परत कोर्टात जाता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये कर्नाटकच्या केसमध्ये सांगून टाकलं. दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेल्या डिक्रीवर, म्हणजे कोर्टाच्या हुकुमावर, अपील नाही, लोकअदालतीच्या निवाड्यावर नाही. उद्या सगळेच पैसे घेऊन परत कोर्टात जायला लागले तर सरकार कोणासोबत कशाला समझोता करेल?

धरमपेठची ताई: साहेब तुम्ही रकमेबद्दल बोलून राहिले, ती ओळ तर "कोणत्याही न्यायालयात" म्हणते. कोर्टाची वाट बंद करणारा करार रद्द ठरवणारं कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 28 काय शोभेला आहे? आणि 1985 ची ओल्गा टेलिस केस बघा, फुटपाथवाल्यांनी हायकोर्टात कबूल केलं होतं की झोपड्या पाडताना आडवे येणार नाही, महापालिकेने तेच धरून ठेवलं, तर सुप्रीम कोर्ट म्हणालं की मूलभूत हक्क असा सोडून देता येत नाही.

सदरवाले वकील: अन् शेवटी पावसाळ्यानंतर हटवायची परवानगी दिलीच ना ताई, ते पण सांगा. कलम 28 हे पुढच्या हक्काची वाट बंद करू देत नाही, झालेला वाद मिटवणं वेगळं.

महालचा पोट्टा: अरे भोपाळच्या गॅसगळतीची केस पहा ना. 1989 मध्ये कंपनीसोबत 47 कोटी डॉलरवर सरकारनेच पीडितांच्या वतीने सही केली, लोकांना विचारलं पण नाही, मग सरकार स्वतःच जास्त पैसे पाहिजे म्हणून क्युरेटिव्ह, म्हणजे सुप्रीम कोर्टातली अगदी शेवटची याचिका, घेऊन गेलं. स्वतःच्या सहीचं ओझं नाही वाटलं अन् शेतकऱ्याले म्हणते तू सही केली!

सदरवाले वकील: 2023 मध्ये कोर्टाने ती क्युरेटिव्ह फेटाळली भाऊ. माझाच मुद्दा.

धरमपेठची ताई: पण फौजदारी केसेस पण त्याच समझोत्यात गुंडाळल्या होत्या, त्या 1991 मध्ये कोर्टाने परत उघडल्या. म्हणजे पैशाचा भाग टिकला, तोंड बंद करायचा भाग उडाला. संत्रावाला भाऊ, संयुक्त मोजणीची, म्हणजे वावरात काय काय आहे त्याच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढा. झाडं त्यात आहेत अन् मूल्यांकनात नाहीत तर त्यांचा सौदा झालाच कुठे?

संत्रावाला: विहीर आहे नकलेत. झाडांच्या रकान्यात आडवी रेघ आहे, खाली मोठ्या बाबांची सही.

सदरवाले वकील: मग ती रेघ जड जाईल. दबावाने सही घेतली हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. दिवाणी दावा लावायचा तर आधी सरकारला कलम 80 ची नोटीस द्यावी लागते, दोन महिने त्यातच जातात, तेव्हा बसून नका राहू.