प्लेऑफमध्ये शिट्टी खिशात ठेवायची का?

पहाटेचा प्रेक्षक (फोंडा)

परवा इथे बास्केटबॉलच्या गप्पांत एकाने लिहिलं, "प्लेऑफमध्ये रेफ्रीने शिट्टी खिशात ठेवावी. ज्याला धक्का सोसवत नाही त्याने कॅरम खेळावा." दोन दिवस ते वाक्य डोक्यात घुमतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पहाटे उठून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने बघणारा माणूस. दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो तेव्हा बहुतेक वेळा दुसरा नाहीतर तिसरा क्वार्टर चालू असतो. सहा महिने ज्या हाताला फाउल म्हणतात, तोच हात एप्रिलच्या मध्यानंतर, प्लेऑफ म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या की, 'कडक डिफेन्स' होतो. नियमाचं पुस्तक तेच असतं. मग बदललं काय?

२०२५ च्या पहिल्या फेरीतला निक्स-पिस्टन्सचा चौथा सामना आठवा. न्यूयॉर्क निक्स ९४, डेट्रॉइट पिस्टन्स ९३. शेवटच्या क्षणी डेट्रॉइटचा टिम हार्डवे ज्युनियर कोपऱ्यातून थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, टाकतो, न्यूयॉर्कचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर जातो, शिट्टी नाही, सामना खलास. नंतर मुख्य रेफ्रीने स्वतः कबूल केलं की फाउल द्यायला हवा होता. म्हणजे तीन फ्री थ्रो, कोणी न अडवता एकेका गुणासाठी टाकायचे शॉट. २-२ होऊ शकली असती ती मालिका ३-१ झाली आणि डेट्रॉइट सहा सामन्यांत बाहेर पडलं. त्या कबुलीचं डेट्रॉइटने काय करायचं?

डिफेन्स पायांनी करतात. हाताने धरून ठेवणं म्हणजे डिफेन्स नव्हे.

खांदा लाव (वास्को)

"एकाने" काय? मीच तो. सरळ नाव घेऊन लिही, मला राग येणार नाही.

एका शॉटवरून सगळ्या प्लेऑफला नावं ठेवू नकोस. १९८८, १९८९, १९९० अशी लागोपाठ तीन वर्षं पिस्टन्सनी शिकागोच्या मायकेल जॉर्डनला घरी पाठवलं. ड्युमार्स समोर, रॉडमन मदतीला, आणि लेनमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या पट्ट्यात, शिरला की लॅम्बीअर अंगावर. जॉर्डनने काय केलं? अंग कमावलं, डबल टीम आली, म्हणजे दोघे एकदम अंगावर आले, की पास सोडायला शिकला, आणि १९९१ ला त्याच पिस्टन्सना ४-० ने घालवलं. ती तीन वर्षं सोसली म्हणून तो तसा घडला, असं मी मानतो.

आताचं उदाहरण हवंय? २०२५ ला डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटी थंडरने डेन्व्हरच्या योकिचवर आपल्या कॅरूसोला लावलं. गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा माणूस, समोर जवळपास सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा. चेंडू पोचायच्या आधीच तो पुढे घुसायचा, मांडीला मांडी लावून जागा अडवायचा. थंडर १२५-९३ ने जिंकले. प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजली असती तर कॅरूसो फाउल साठून दुसऱ्या क्वार्टरमध्येच बेंचवर बसला असता.

आणि शिट्टी वाजली म्हणजे न्याय झाला, हे कोणी सांगितलं? २००२ चा लेकर्स-किंग्जचा सहावा सामना बघ. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो. किंग्जच्या सॅक्रामेंटो शहरातली माणसं आजही ते विसरलेली नाहीत.

जुना पंच (मडगाव)

दोघेही घरात बसून बोलताय. मी आंतरशालेय आणि तालुका पातळीवर बरीच वर्षं शिट्टी धरली आहे. आमच्याकडे दोनच पंच असतात, एनबीएत तीन. तिथे उशिरा व्हिडिओ तरी बघता येतो, आमच्याकडे मुलांचे पालक असतात.

स्पर्श झाला की फाउल, असं नसतंच. त्या स्पर्शाने कोणाचं काय बिघडलं ते बघायचं. ड्रिबल करणाऱ्याची चाल मोडली का, शॉटचा हात वळला का. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, दोघेही एकमेकांवर रेलत असतील तर मी खेळू देतो. पण बाहेर ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला वळवलं, तर लगेच शिट्टी. एनबीएनेही २००४-०५ पासून हेच कडक केलं, म्हणून गार्डांना मोकळं खेळता आलं.

पहाटेच्या प्रेक्षकाला एक सांगतो, पुस्तक एक असलं तरी सामन्याचं माप पहिल्या पाच मिनिटांत ठरतं. पहिल्या ड्राइव्हला, म्हणजे रिंगकडे मारलेल्या मुसंडीला, जे सोडलं ते शेवटच्या ड्राइव्हलाही सोडायचं. खेळाडू ते पटकन ओळखतात. त्यांना राग येतो तो माप मध्येच बदललं की. हार्डवेचा फाउल मात्र कुठल्याही मापात फाउलच होता, त्यात वाद नाही.

सांगेकर

पंचांबद्दल बोलताय, आधी मैदानाबद्दल बोला. आमच्या गावातल्या शाळेच्या कोर्टवर दिवाळीला नरकासुर उभा करतात. बांबू रोवायला सिमेंट फोडलं, ते दोन भोक अजून तसेच आहेत, एक बरोबर फ्री थ्रोच्या रेषेवर. पावसाळ्यात शेवाळ धरतं. जून ते सप्टेंबर पोरांनी ड्रिबल करायचं कुठे? २०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली, तेव्हा वाटलं गावागावात काहीतरी होईल. आमच्या रिंगला अजून जाळी नाही. फुटबॉलला मैदान द्यायला कोणी मागे हटत नाही, आम्ही मागितलं की "बघूया".

डिचोलीची गार्ड

सांगेकर, तुमचं दुःख मला कळतं, कारण तशाच कोर्टवर माझा घोटा गेला. पण कारण मैदान नव्हतं.

खांदा लाव, तुम्ही "सोसलं पाहिजे" म्हणता ना, मग हे वाचा. अकरावीत होते. तालुक्याचा उपांत्य सामना, उजव्या कोपऱ्यातून जंप शॉट. मी वर गेले आणि समोरची मुलगी दोन पावलं पुढे आली. शॉट अडवायला नाही, नुसती आत आली. मी उतरले ती तिच्या बुटावर. पाय आतल्या बाजूला वळला, तो आवाज मला अजून ऐकू येतो, ओली काठी मोडावी तसा. चेंडू आत गेला होता. पंचांनी बास्केट दिली, फाउल दिला नाही. सर बर्फ आणायला धावले, बर्फ मासळीवाल्याकडून आणला. बूट काढेपर्यंत घोटा नारळाएवढा झाला होता. तो मोसम गेला, आणि पुढच्या वर्षी संघात जागा राहिली नव्हती.

नियम साधा आहे. ज्या जागेवरून उडी मारली त्या जागेवर उतरायचा हक्क खेळाडूचा. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, पुस्तकात तो स्पष्ट लिहिलेला आहे. २०१७ ला गोल्डन स्टेटच्या पाचुलियाने सॅन अँटोनियो स्पर्सच्या कावाय लेनर्डच्या पायाखाली पाय नेला. स्पर्स तेव्हा वीसहून जास्त गुणांनी पुढे होते, हरले ११३-१११ ने, आणि लेनर्ड त्या मालिकेत परत खेळला नाही. पुढच्याच मोसमात एनबीएने अशा फाउलवर फ्लॅग्रंट, म्हणजे जास्त शिक्षेचा गंभीर फाउल, देता येईल असं केलं. एवढ्या मोठ्या माणसाचा पाय जाईपर्यंत थांबावं लागलं.

खांदा लाव (वास्को)

ताई, तुमच्या पायाबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण त्याचा आणि कडक डिफेन्सचा संबंध नाही. शिवाय आजकाल शूटरच पाय पुढे फेकतात, मुद्दाम डिफेंडरवर आपटतात आणि हात वर करतात. २०२१-२२ पासून एनबीएला अशा बनावट हालचालींवर फाउल द्यायचं थांबवावं लागलं, उलट शूटरवरच फाउल द्यायला लागले. त्याबद्दल कोणी का बोलत नाही?

डिचोलीची गार्ड

बोलते ना. जो पाय फेकतो त्याच्यावर फाउल द्या, मी टाळ्या वाजवीन. पण मी पाय फेकला नव्हता. सरळ वर गेले, सरळ खाली आले. "संबंध नाही" म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या सामन्यात शिट्टी वाजणार नाही हे माहीत असलेला डिफेंडर एक पाऊल जास्त पुढे येतो. सगळं तिथूनच सुरू होतं. माझ्या सामन्यातही पहिल्या हाफमध्ये तीन वेळा अंगावर आल्या होत्या आणि तीनही वेळा काही झालं नाही.

पहाटेचा प्रेक्षक (फोंडा)

मला नेमकं हेच म्हणायचं होतं. मी हार्डवेवर अडकलो, तुम्ही मूळ धरलंत.

जुना पंच (मडगाव)

ताई, तो सामना माझा नव्हता, पण त्या पंचाच्या जागी मी अनेकदा उभा राहिलो आहे. शॉट सुटला की आमची नजर चेंडूमागे रिंगकडे जाते. पाय बघायचे राहतात. मला कोणी ते शिकवलं नव्हतं. नंतर मी ठरवलं, शॉट सुटल्यावर मनात एक आकडा मोजायचा आणि तेवढा वेळ शूटरच्या बुटांवरून नजर हलवायची नाही. आत गेला की नाही ते दुसरा पंच बघेल. तेव्हापासून असे फाउल दिसायला लागले. आधीचे किती सुटले असतील याचा विचार केला की बरं वाटत नाही.

खांदा लाव (वास्को)

ठीक. उतरणाऱ्याच्या पायाखाली जाणं कधीच चालू नये, नोव्हेंबरात नाही आणि जूनमध्येही नाही. एवढं मान्य. पण पोस्टमधल्या रेटारेटीला, स्क्रीनवरच्या, म्हणजे साथीदारासाठी वाट अडवून उभं राहणाऱ्याच्या, खांद्याला शिट्टी नको, यावरून मी हलणार नाही. आणि कॅरमचं वाक्य मागे घेतो. ताईंसाठी घेतो, फोंड्याच्या माणसासाठी नाही.

डिचोलीची गार्ड

घेतलंत, बरं केलंत. पंचकाका, आमच्याकडे रविवारी संध्याकाळी मुली खेळतात, बारा-तेरा जणी आहेत, शिट्टीला कोणी नाही. तुमचा तो आकडा मोजायचा प्रकार दाखवायला याल का?

जुना पंच (मडगाव)

पाऊस नसला तर येतो. जाळी असेल ना रिंगला?

सांगेकर

बघा, शेवटी जाळीवरच आलात.