पॅसिफिक तापला की पैठणचा नाथसागर (जायकवाडी धरण) आटतो, हे कितपत खरं?

मोसंबी_अंबड
राम राम मंडळी. अंबड तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आमची तीन एकर मोसंबी आहे, शेजारी दोन एकर मोकळं. २०१२-१३ च्या दुष्काळात वडिलांनी टँकरनं पाणी घातलं, तरी अर्धी बाग गेली. वाळलेली झाडं मीच तोडली. कुऱ्हाड बसली की ओलं काहीच निघायचं नाही, नुसता भुसा उडायचा. आता परत एल निनोची, म्हणजे पॅसिफिक महासागर तापायची, चर्चा चाललीय आणि माझा मोकळ्या रानात आडसाली (जुलै-ऑगस्टात लावायचा, दीड वर्षाचा) ऊस लावायचा बेत होता. घरचे म्हणतात थांब. मला समजून घ्यायचंय, पेरूजवळचा समुद्र तापला तर पैठणला पाणी कमी का यावं? आणि २०१२ ला तर एल निनो जाहीर झालाच नव्हता, मग?

नाशिककर
दादा, तुमच्याकडच्या पावसावर जायकवाडी भरत नाही, हे आधी धरून चला. ऑगस्ट २०१९ ला इथे गोदेच्या पुराची खूण असलेला दुतोंड्या मारुती पूर्ण बुडाला होता. त्या वेळी मराठवाड्यात पाऊस कमीच होता, तरी नाथसागर भरत आला. आभाळ त्र्यंबक-इगतपुरीचं बघायचं.

गोदाकाठ
गोदावरीवरच्या एका सरितामापन (नदीचं पाणी मोजायच्या) केंद्रावर माझी सगळी नोकरी झाली. रोज सकाळी आठला पट्टी वाचायची, वहीत लिहायचं. ऑगस्ट २०१५ मध्ये मी कित्येक दिवस विसर्गाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलंय. ऐन श्रावणात पट्टीचा खालचा दगड उघडा, त्यावर शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले. पुढच्याच वर्षी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, त्याच पट्टीवर रात्रभर दर तासाला बॅटरी मारून वाचन घेतलं. शाई भिजून पसरते म्हणून शिसपेन्सिलीनं लिहायचो. पाणी तांबूस होतं. तसा रंग दिसला की घाटातलं पाणी आलं समजायचं.

२०१५ ला मोठा एल निनो होता, २०१६ ला तो ओसरला होता. पॅसिफिकचा मधला आणि पूर्वेचा भाग तापला की ढग बांधणारी हवा तिकडे वर चढते आणि आपल्या बाजूला खाली बसते. मोसमी वारे अशक्त होतात. २०१५ ला देशात पाऊस सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पडला. पण नदीला फटका तेवढ्याच टक्क्यांचा बसत नाही, आणि हे लोकांच्या ध्यानात येत नाही. पडलेलं पाणी आधी जमीन पिते, मग विहिरी, नाले, बंधारे. नंतर गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा भरायचे. उरेल ते पैठणला. रांगेत शेवटचा जो असतो त्याच्या वाट्याचं आधी तुटतं. म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यात होता आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ, असं मी कुणालाही सांगणार नाही. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, तरी देशाचा पाऊस सरासरीला पोचला. तेव्हा हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग तापलेला होता, सुमात्राकडचा थंड. त्याला आयओडी म्हणतात, तो आपल्या पावसाला हात देतो. तो २०१९ लाही जोरात होता. मात्र २०२३ ला आयओडी अनुकूल असूनही ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. तुमचं २०१२ उलट बाजूचं उदाहरण: एल निनो जाहीर नाही आणि बाग मात्र गेली. समुद्र पारडं झुकवतो, निकाल देत नाही.

२०२० ते २०२२ सलग तीन वर्षं ला निना, म्हणजे एल निनोच्या उलट, पॅसिफिक थंड होता. तिन्ही वर्षं धरण भरलं, दरवाजे उघडले. त्या तीन वर्षांत लोकांनी कालव्यावर ऊस वाढवला. मला त्याचं फार वाईट वाटतं. नदीला चांगल्या वर्षांचे आणि कोरड्या वर्षांचे पट्टे असतात. चांगल्या पट्ट्यात लावलेलं पीक कोरड्या पट्ट्यात पाणी मागतं, आणि २०२३ ला तेच झालं. वरच्या धरणांतून साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असं भांडण पेटलं. दोन्हीकडचे शेतकरीच होते.

मोसंबी_अंबड
काका, लातूरच्या रेल्वेचं माहीत होतं, रांगेचं कळलं नव्हतं. मग ऊस लावू की नको?

गोदाकाठ
आडसाली नका लावू. एप्रिल-मेमधला एल निनोचा अंदाज कच्चा असतो, जून-जुलैत जरा पक्का होतो. जुलैअखेर दारणा, गंगापूर, भंडारदरा किती भरलीत ते पाहा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या वर की खाली, यावर वरून पाणी सोडायचं की नाही ते ठरतं. तोवर दोन एकरांत सोयाबीन घ्या. साठा चांगला असला तर पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरातला) ऊस लावायला वेळ उरतोच. पण पहिलं पाणी मोसंबीचं. झाडाच्या आळ्यात उसाच्या पाचटाचा जाड थर आतापासूनच द्या, कालव्याचं आवर्तन (पाण्याची पाळी) लांबलं तर पंधरा दिवस तरी झाड तग धरेल.

मोसंबी_अंबड
पाचट शेजाऱ्याकडं पडलंय, उद्याच ट्रॅक्टर लावतो. वडिलांना तुमचा वहीचा किस्सा वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘निरंक’ लिहिलं त्याच महिन्यात आपली विहीरही आटली होती.