जुनी अ‍ॅक्टिव्हा विकायची आहे: 'लास्ट प्राइस?'वाल्यांना कसं आवरायचं?

पेठेतला_पामर:
होंडा अ‍ॅक्टिव्हा ५जी, २०१८ ची, एमएच १२ पासिंग, सिंगल ओनर, ३१,००० किमी. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर ४२,००० ला टाकली आहे. मेसेज ढिगाने येतात, पण सगळे "फायनल बोला" नाहीतर "२० ला देता का, आत्ता येतो" छापाचे. एकच माणूस दिवसातून चारदा "मग काय ठरलं?" विचारतो. दुसरा एक गाडी न बघताच इसार पाठवायला तयार आहे. शोरूम एक्स्चेंजला २५,००० म्हणतंय.
किंमत किती चढवून लावायची? फोनवर भाव बोलायचा का? आणि 'फिक्स प्राइस' लिहून काही फरक पडतो का?

जुनाबाजार:
'फिक्स' लिहून कोणी घासाघीस थांबवत नाही. उलट थोडंफार कमी करून घ्यायच्या आशेने येणारं चांगलं गिऱ्हाईक फोनच करत नाही.

आधी तीन आकडे कागदावर लिहा. तळ: शोरूमचे २५,०००. इतके तर उद्या सकाळीही मिळतात, त्यामुळे २० वाल्यावर चिडायचंही कारण नाही. मग तुमचा खरा आकडा, आणि शेवटी जाहिरातीतला. खऱ्या आकड्यासाठी त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या, पुण्यातल्याच आठ-दहा जाहिराती बघा. महिनाभर तशाच पडून असलेल्या वगळा, तो भाव कोणी देत नाहीये एवढंच त्यातून कळतं. जाहिरातीत खऱ्या आकड्यावर ८-१० टक्के चढवा, त्याहून जास्त नको. शिवाय लोक '४०,००० पर्यंत' असा फिल्टर लावून शोधतात. ४२,००० ची गाडी त्यांना दिसतच नाही. ३९,५०० करा.

चॅटवर भाव एक रुपयाही सोडू नका. तिथे सोडलेला आकडा घेऊनच माणूस दारात येतो आणि तिथून खाली सुरू करतो. "गाडी बघा, चालवा, मग समोरासमोर बोलू" हे एकच वाक्य सगळ्यांना पाठवायचं. आणि कोणी २२ म्हटलं की 'मधलं धरू' म्हणू नका. २२ आणि ४२ चं मधलं ३२ येतं, तो हिशोब त्याने आधीच केलेला असतो.

मुठाकाठ:
निम्मे मेसेज जाहिरातीच्या मजकुरानेच कमी होतात. किमी, विमा कुठपर्यंत, पीयूसी, कर्ज आहे का, शेवटची सर्व्हिसिंग, ओरखडे कुठे, कोणत्या वेळेत बघायला यायचं: सगळं लिहा. ओरखड्याचा जवळून फोटो टाका, म्हणजे तो दाखवून भाव पाडता येत नाही. नंबर जाहिरातीत देऊ नका, चॅटच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय साठवून ठेवता येतात, रोज तेच टंकायला नको.

"मग काय ठरलं?"वाल्याला एकदाच लिहा: "३९,५०० ला उपलब्ध आहे. बघायला यायचं असेल तर दिवस आणि वेळ कळवा." पुढच्या मेसेजात वेळ नसेल तर ब्लॉक. 'माझ्यासाठी ठेवा' म्हणणाऱ्यासाठी, गाडी बघून झाल्यावर २,००० इसार, ४८ तासांची मुदत, आणि नाही आला तर इसाराचं काय हे मेसेजमध्ये लेखी. येतो म्हणणाऱ्याला निघताना फोन करायला सांगा, तोवर पूर्ण पत्ता देऊ नका.

न बघता इसार पाठवणारा मात्र सरळ सोडून द्या. "मी आर्मीत आहे, माणूस पाठवतो" आणि मग क्यूआर पाठवून "हा स्कॅन करा, पैसे येतील" हा ठरलेला प्रकार आहे. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. 'चुकून २०,००० गेले, १८ परत करा' असा एसएमएस आला तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा, एसएमएसवर जाऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

चाकपाना:
समोर आलेला माणूस भाव पाडतो तो ठरावीक जागांवर: टायर, बॅटरी, व्हेरिएटरचा (स्कूटरच्या ऑटो गिअरचा) बेल्ट-रोलर आणि सकाळचा थंड स्टार्ट. ३१,००० वर बेल्ट बदलला असेल तर बिल हातात ठेवा. नसेल तर गॅरेजमधून खर्च विचारून ठेवा आणि तेवढाच वजा करा. 'इंजिनचं काम निघेल' म्हणणाऱ्याला त्याच्याच मेकॅनिककडे चला म्हणा. येणाऱ्यासाठी इंजिन आधीच गरम करून ठेवू नका, जाणकार सायलेन्सरला हात लावून बघतो.

अजून एक. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागते. ती नसेल तर आरटीओत नाव बदलायचं काम अडतं आणि त्या नावाखाली लोक दोन-तीन हजार कापतात. दुचाकीची प्लेट ४५० रुपये अधिक जीएसटी. आधीच बसवा, ई-चलनही भरून टाका.

सोडताना टप्पे लहान होत जाऊ द्या: ३८,५००, मग ३८,०००, मग ३७,८००. शेवटचा टप्पा फक्त 'आज, पूर्ण पैसे' याच्या बदल्यात.

चालवायला देण्याआधी लायसन्स बघा. विनापरवाना माणसाला गाडी दिल्याचा ५,००० दंड मालकाला होतो. तो ज्या गाडीवर आला ती गाडी किंवा सोबतचा माणूस तुमच्याकडे थांबू द्या.

पेठेतला_पामर:
धन्यवाद. प्लेट बसवलेली आहे. आज एक एजंट ३६,५०० रोख म्हणतोय, पण टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सह्या करून द्या, नाव नंतर गिऱ्हाइकाच्या नावावर चढेल म्हणतो. द्यावी का?

जुनाबाजार:
भाव बरा आहे, अट वाईट. कोरे २९-३० नंबरचे फॉर्म दिले की गाडी किती हातांतून फिरते तुम्हाला कळणारही नाही, आणि आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच. नोंदीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरलेलेच फॉर्म द्या, त्यांचे फोटो काढून ठेवा. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ, किमी, चॅसी नंबर, दोघांच्या सह्या, त्याच्या आधारची प्रत. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं तुमचं काम आहे, एजंटचं नाही. तुमच्या आधारच्या प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त या गाडीच्या हस्तांतरणासाठी', खाली तारीख.

तो आपल्या स्वतःच्या नावाने फॉर्म भरायला तयार झाला तर ३६,५०० ला द्या. नाही म्हणाला तर थेट वापरणारं गिऱ्हाईक बघा, भले पाचशे-हजार कमी येवोत.

मुठाकाठ:
रोख घेणार असाल तर बँकेतच जा, भरणा झाल्यावर चावी. आणि गाडी गेल्या मिनिटाला जाहिरात 'सोल्ड' करा, नाहीतर महिनाभर "अव्हेलेबल आहे का?" चालू राहतं.