थ्रॉटल बॉडीत तेलाचं डबकं, इंजिन खरंच खोलायचं का?

टॉपडाऊन_पार्लेकर

मंडळी नमस्कार, दोन वर्षं नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. गाडी २००८ ची, दोन सीटर, छप्पर उघडणारी, इंजिन सीटांच्या मागे, फ्लॅट सिक्स (सहा सिलेंडर, तीन-तीन समोरासमोर आडवे) २.७ लिटर पेट्रोल, टर्बो नाही. सेकंडहँड घेतली, आता ६१ हजार किमी झालेत. रविवारी पहाटे पार्ल्याहून सी लिंक, कोस्टल रोड, मरीन ड्राईव्हला एक चक्कर आणि परत, एवढंच तिचं आयुष्य.

गेल्या महिन्यात आठ दिवस बेसमेंटच्या रॅम्पवर उभी होती कारण आमच्या स्लॉटसमोर सोसायटीचं प्लंबिंगचं काम. नवव्या दिवशी स्टार्टर मारला आणि राव, अख्खा बेसमेंट पांढरा निळा. वॉचमन वाळूची बादली घेऊन धावत आला, वर पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारतायत गॅस लीक झाला का. मी आरशात बघतोय तर मागचं काहीच दिसत नाही. दोनेक मिनिटांनी कमी झालं पण पूर्ण बंद नाही, आणि आता गरम गाडी सिग्नलला उभी राहून निघाली तरी फुर्रकन निळा ढग सोडते. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होतंय, चेक इंजिन लागलाय, पी ०१७१ आणि पी ०१७४, म्हणजे दोन्ही बँक लीन, सिलेंडरच्या दोन्ही रांगांत हवेच्या मानाने पेट्रोल कमी. दीड हजार किमीत साधारण पाऊण लिटर तेल गेलंय.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, साफ करू म्हणून गॅरेजला काढायला लावली तर आत दोन चहाचे चमचे भरतील एवढं तेल. गॅरेजवाल्याने हात पुसत पुसत सांगितलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, तेल वर येऊन जळतंय, इंजिन उतरवावं लागेल, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली एवढ्यात माझी नवीन गाडी येईल. चूक नाही तिची. पण पॉवर तशी कमी वाटत नाही हो. इंजिन खोलण्याआधी घरी काय तपासता येईल?

बोरिवली_बायपास

भाऊ आधी तेलाची लेव्हल बघ, सपाट जागेवर, रॅम्पवर नाही. सर्व्हिसवाले मुंबईत सढळ हाताने ओततात, मॅक्सच्या वर गेलं की क्रँक ते तेल घुसळतो, फेस होतो आणि तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर काढणाऱ्या पाईपातून, वर जातो. दुसरं म्हणजे फ्लॅट इंजिनात सिलेंडर आडवे झोपलेले असतात, उतारावर आठ दिवस उभी केली की खालच्या बाजूच्या बँकेत थोडं तेल रिंगांच्या पलीकडे झिरपतं. त्याने सुरुवातीला दहावीस सेकंद धूर येतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तू म्हणतोस गरम असतानाही येतोय, ते मात्र त्यात बसत नाही.

घाटातला_गियर

रिंगा. माझ्या मित्राच्या गाडीला सेम झालं होतं. विकून टाक आणि सुखी हो.

नटबोल्ट_नाना

घाटातल्या, थांब जरा, तेल कुठे आहे हे न विचारताच रिंगांवर कशाला जातोस. डॉक्टरसुद्धा आधी विचारतो कुठे दुखतंय.

पार्लेकर, मी आता गॅरेज बंद केलंय पण तीसेक वर्षं हात काळे केलेत, त्यामुळे लांबण लागलं तर सांभाळून घे. क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातला, वायू दोन वाटांनी इनटेकमध्ये येतो. पिस्टनच्या बाजूने जो थोडा गॅस खाली सुटतो, ज्याला आपण ब्लो-बाय म्हणतो, तो बाहेर काढायला एक पाईप थ्रॉटलच्या पुढे म्हणजे मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाईपांच्या) बाजूला जोडलेला असतो, तिथे आयडलला जोरदार व्हॅक्यूम असतो. दुसरी वाट थ्रॉटलच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला. फुल्ल दाबलंस की मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम जवळजवळ संपतं आणि गॅस त्या अलीकडच्या वाटेने उलटा येतो. म्हणून तेल थ्रॉटलच्या झडपेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावरून संशय कोणत्या वाटेवर घ्यायचा ते ठरतं. तुझं दोन चमचे नक्की कुठे होतं? फिल्टरच्या पाईपात की झडपेपलीकडे?

तुझ्या इंजिनात मधे ऑईल सेपरेटर आहे. काळा प्लॅस्टिकचा डबा, त्यात वायूतलं तेल वेगळं होऊन खाली जातं, आणि त्यात एक रबरी डायफ्राम, जो मॅनिफोल्डचा सक्शन किती क्रँककेसपर्यंत पोचू द्यायचा ते ठरवतो. तो फाटला की लगाम सुटतो. मॅनिफोल्ड क्रँककेसला अक्षरशः चोखायला लागतं, वाफेबरोबर तेलसुद्धा ओढतं, आणि डायफ्रामच्या वरच्या भोकातून बाहेरची हवा फाटलेल्या जागेतून आत जाते. ही हवा मॅफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणारी तार) मोजलेलीच नसते, म्हणून दोन्ही बँक लीन. एकच डबा आणि धूर, तेल, आयडल, दोन्ही कोड सगळं त्यात बसतं. रिंगा गेल्या असत्या तर लीन कोड कशाला आला असता सांग.

आता घरचा उपाय. इंजिन गरम करून आयडलला ठेव आणि तेल भरायची कॅप उघड. बारीकसा सक्शन लागणं आणि आयडल डळमळणं नॉर्मल आहे. कॅप दोन्ही हातांनी ओढावी लागली तर सेपरेटर. उलट आतून फसफस वाफ हातावर आली तर ब्लो-बाय जास्त आहे, मग रिंगांचा विचार कर. कॅपच्या जागी रबरी हातमोजा ताणून बसव, आत खेचला जातो की बोटं वर करून फुगतो ते बघ, शेजारच्या पोरांचीही करमणूक होईल.

घाटातला_गियर

नाना, मित्राच्या गाडीला खरंच रिंगा होत्या ना पण.

नटबोल्ट_नाना

असतील रे. पण बाराखडी सोडून थेट जोडाक्षरावर जाऊ नये. सिलेंडर घासले गेले असते तर बहुतेक एकाच बाजूची टेल पाईप जास्त काळी असते आणि थंड इंजिनात टकटक येते. पार्लेकरने तसं काही लिहिलेलं नाही.

डबल_डीक्लच

एक प्रश्न, आधीच्या मालकाने एअर फिल्टर बदललाय का? धुवून परत वापरायचा लाल कॉटनचा असतो तो? लोक त्याच्यावर तेल असं ओततात जसं वडे तळायचेत. ते तेल मॅफच्या तारेवर बसतं आणि पाईपात चिकट थर होतो, मग बघणाऱ्याला वाटतं इंजिनचं तेल आलं. रंग बघ, फिल्टरचं तेल लालसर पातळ चिकट, इंजिनचं काळपट तपकिरी आणि जळका वास.

टॉपडाऊन_पार्लेकर

सगळ्यांचे आभार. शनिवारी अर्धा दिवस बेसमेंटमध्ये काढला, वॉचमन स्टूल टाकून शेजारी बसला होता, बादली यावेळी आधीच आणून ठेवलेली.

पहिली गोष्ट, डबल_डीक्लच, तुझ्या पाया पडतो. फिल्टर लाल कॉटनचाच निघाला. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या पाईपात लालसर चिकट थर, मॅफच्या तारेवर धूळ धरलेली. आणि झडपेच्या पलीकडे, जिथे डबकं होतं, तिथे काळपट घट्ट तेल, टिश्यूवर घेतलं तर जळका वास. म्हणजे दोन वेगळी तेलं होती आणि मी इतके दिवस त्याला एकच समजत होतो!

लेव्हल सपाट जागेवर मॅक्सच्या किंचित वर. साधारण २०० मिली उपसून काढलं, पण त्याने धुरात काही फरक नाही पडला.

कॅप ओढायला जोर लागला खरा, पण मला कळेना जोर म्हणजे किती जोर, कारण आधी कधी ओढलीच नव्हती. हातमोजा आत गेला तो थेट भोकात चिकटला. तरी मनाचं समाधान होईना, म्हणून मोजायचं ठरवलं. नागदेवी स्ट्रीटवरून गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली चार मीटर, यू आकारात फळीवर बांधली, अर्धी पाण्याने भरली, पाण्यात निळीचे दोन थेंब. एक टोक हवेत, दुसरं एका जुन्या कॅपला ड्रिल मारून बसवलं. मधे रिकामी बिसलेरीची बाटली लावली, पाणी चुकून ओढलं गेलं तर इंजिनात नको जायला. आयडलला दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक २८ सेंमी. नाना हे किती वाईट आहे? आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर स्वतःहून किती टक्के जादा पेट्रोल घालतोय तो आकडा) आयडलला +१९, ३००० आरपीएमला +६.

नटबोल्ट_नाना

शाब्बास, नळी आणि नीळ म्हणजे आमच्या काळचं झालं. या फ्लॅट सिक्सला तंदुरुस्त असताना १० ते १५ सेंमी असतं. २८ म्हणजे डायफ्राम गेलाच समज. आणि तुझे ट्रिमचे आकडेही तेच सांगतायत. आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवला की कमी, म्हणजे व्हॅक्यूम लीक, कारण लीकमधून येणारी हवा जवळपास तेवढीच राहते आणि मोजलेली हवा वाढत जाते, त्यामुळे टक्केवारी घसरते. मॅफ खराब असेल तर उलटं, जितकी हवा जास्त तितकी चूक जास्त. तुझे ते उरलेले +६ मॅफचे असतील असा माझा अंदाज, बघू.

तोपर्यंत गाडी चालवू नकोस, अगदी सी लिंकपुरतीसुद्धा नको. सेपरेटर पूर्ण फाटला तर एका दमात बरंच तेल सिलेंडरमध्ये जाऊ शकतं आणि तेल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग घाटातल्याचं म्हणणं खरं होईल, फक्त चुकीच्या कारणाने. शिवाय एवढा सक्शन असला की क्रँकचं मागचं सील आत ओढलं जातं, शिट्टी येते का ऐक. आणि जळलेलं तेल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) जाऊन बसतं ते वेगळंच.

बोरिवली_बायपास

सेपरेटरऐवजी कॅच कॅन, म्हणजे वायूतलं तेल अडवून धरणारा साधा डबा, लावला तर? स्वस्तात होईल.

नटबोल्ट_नाना

कॅच कॅन तेल धरेल, पण सक्शनला लगाम कोण घालणार? फाटलेल्या नळाखाली बादली ठेवल्यासारखं. आणि आपल्या जुलैत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या डब्यात आठवड्याभरात पांढरट लोण्यासारखं पाणी आणि तेल जमतं, ते ओतायला विसरलास की परत गोंधळ. ट्रॅकवर जाणाऱ्याने लावावा, तोही चांगल्या सेपरेटरच्या जोडीला.

टॉपडाऊन_पार्लेकर

पाच आठवड्यांनी परत आलोय. पार्ट बाहेरून मागवला, त्यालाच तीन आठवडे लागले. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना मिळत होता पण नानांनी व्यक्तिगत निरोपात ओरडून सांगितलं की जुना रबर म्हणजे परत तीच कटकट. बसवायला अख्खा दिवस गेला, मागचं कार्पेट आणि कव्हर काढून हात जेमतेम जातो, एक क्लॅम्प तर फक्त बोटांच्या अंदाजाने सोडवला, मनगटावरचे ओरखडे अजून आहेत. मॅनिफोल्डमधलं तेल पुसून काढलं, सहाही प्लग बदलले, दोन तर पार ओले होते.

आता फरक १२ सेंमी. ट्रिम आयडलला +२, पण ३००० ला तोच +५. मग मॅफ त्याच्या स्प्रेने धुतला, लाल फिल्टर काढून साधा कागदी टाकला, आता दोन्हीकडे +१ ते +२. नानांचा अंदाज बरोबर निघाला.

पहिले दोनतीनशे किमी मधूनमधून बारीक धूर येत होता, मी हादरलोच, पण तो सायलेन्सरमध्ये साठलेलं तेल जळत होतं, हळूहळू थांबला. परवा मुद्दाम सहा दिवस त्याच रॅम्पवर उभी ठेवली आणि मग स्टार्ट केली. एक छोटा निळा पुंजका, आठदहा सेकंद, संपलं. वॉचमनने बादली घेतली नाही, नुसती मान हलवली.

डबल_डीक्लच

जुना डबा फेकला नाहीस ना? कापून दाखव.

टॉपडाऊन_पार्लेकर

हॅकसॉने कापला. रबर पापडासारखं कडक झालंय आणि कडेने चंद्रकोरीसारखी चीर, माझं करंगळीचं टोक आरपार जातं. गॅरेजवाल्याला फोटो पाठवला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

घाटातला_गियर

बरं ते जाऊ दे, तो लाल फिल्टर विकणार आहेस का?