रोज एकच घाणा
नऊ माणसांचे कपडे रविवारी एकदम धुवावेत की रोज थोडे, असं विचारलंय. माझं उत्तर: रोज. आम्हीही पुण्यात धायरीत ९ जण. रविवारी ढीग काढायचो तेव्हा मशीन ४ वेळा लागायचं आणि वाळत घालायला दोऱ्याच पुरायच्या नाहीत. खरी अडचण धुण्याची नाहीच, वाळवण्याची आहे. जुलै-ऑगस्टात जीन्स दोन-दोन दिवस ओलसर राहते, कुबट वास येतो तो वेगळाच. आता सकाळी ६ ला मशीनचा एकच घाणा लावते; एक दिवस गणवेश, एक दिवस चादरी-पंचे. सासूबाई प्रत्येक कपडा झटकून, उलटा करून घालतात, त्यामुळे खिसे आणि शिवणी लवकर वाळतात.

तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर नुसता साबण वाढवू नका. असं पाणी बऱ्याचदा जड, म्हणजे क्षारांचं असतं; त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा साका होतो आणि तोच पांढऱ्या शर्टांवर राखाडी बसतो. थोडा धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवून घ्या, फरक दिसेल. रेशमी आणि लोकरीचे कपडे मात्र त्यात अजिबात नकोत.

घड्या ज्याच्या त्याने घालायच्या. आमची ८ वर्षांची पुतणीसुद्धा सगळ्यांचे मोजे जुळवून ठेवते.