टेरिजियम: ग्लूने लावलेला ग्राफ्ट दुसऱ्या दिवशी सुटतोय, मदत हवी

विटेकर_नेत्र: टेरिजियम (बुबुळावर सरकणारं मांस) काढून तिथे कंजंक्टायव्हाचा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा) तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, फायब्रिन ग्लूने (रक्तातल्या प्रथिनांपासूनचा गोंद) चिकटवतो. गेल्या पाचपैकी तीन केसमध्ये सकाळी पट्टी काढली की ग्राफ्टची नाकाकडची कड गुंडाळलेली. उद्या दोन केस आहेत, दोघेही द्राक्षबागेतले. टाके नको आहेत. ग्लू कोणता घेऊ? लवकर सांगा.

मिरज_ओटी: सर, ग्लू बदलायचं नंतर बघू. ग्लूच्या दोन घटकांपैकी थ्रोम्बिन किती युनिटचं? ते आणि फायब्रिनोजेन एका सुईतून सोडता की वेगळे? ग्राफ्टखालचं टेनॉन (कंजंक्टायव्हाखालचा पातळ थर) पूर्ण काढता का? बेड (ग्राफ्ट बसवायची जागा) कोरडा कशाने करता?

आठशून्य: ८-० व्हिक्रिल (विरघळणारा बारीक दोरा) घ्या, लिंबसच्या (बुबुळाची कड) दोन्ही कोपऱ्यांना एपिस्क्लेरा (खालचा पांढरा थर) धरून एकेक टाका, मग कडेने चार-पाच. वेळ जास्त लागतो, पण ग्राफ्ट कुठे जात नाही.

कृष्णाकाठ: आणि पेशंटला आठवडाभर खुपत राहतं, पाणी गळतं, ते? अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ग्लूच्या गटात टेरिजियम परत येण्याचं प्रमाण टाक्यांपेक्षा कमी होतं.

आठशून्य: त्याच आढाव्यात ग्राफ्ट सुटण्याचं प्रमाण ग्लूत जास्त होतं, तेही लिहा की! इथली चर्चा त्यावरच आहे.

रक्तच_बरं: कशाला खर्च? बेडमधून झिरपणारं पेशंटचंच रक्त वापरा. कॉटरी (रक्त थांबवायला डाग देणं) नको, पातळ थर राहू द्या, ग्राफ्ट ठेवून आठ-दहा मिनिटं हलवू नका.

कृष्णाकाठ: रक्तावरचा ग्राफ्ट ग्लूपेक्षाही सहज सरकतो. ज्यांचा आधीच सुटतोय त्यांना हे सुचवू नका.

तासगाव_कॉर्निया: उसाचं पातं लागून अल्सर (जखम) झाला आणि कॉर्नियाला (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) भोक पडलं तर फायब्रिन नाही, सायनोॲक्रिलेट (झटपट सुकणारा गोंद). २ मिमीपर्यंतचं छिद्र, भोवतीचं एपिथेलियम (सर्वांत वरचा थर) खरवडून जागा ठणठणीत कोरडी करायची, ३० नंबरच्या सुईने बारीकसा थेंब, वर बँडेज लेन्स (पट्टीसारखी झाकणारी मऊ लेन्स). ओल लागताच ते घट्ट होतं, म्हणून मोठा थेंब टाकला की खडबडीत ढेकूळ होतो.

मिरज_ओटी: सर, प्रश्न टेरिजियमचा आहे. विटेकर सर?

विटेकर_नेत्र: थ्रोम्बिन ५०० युनिट. सिरिंज वेगळ्या. टेनॉन काढतो. बेड स्पंजने टिपतो. बाकी नेहमीचंच, ग्राफ्ट ठेवायच्या आधी पुन्हा एकदा ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक).

मिरज_ओटी: हे आधी सांगायचं होतं, सर! आयोडीन आणि स्पिरिट, दोन्हींनी थ्रोम्बिन निकामी होतं. क्लॉट (ग्लूची धरून ठेवणारी गुठळी) नीट बनतच नसणार. पोव्हिडोन सुरुवातीलाच टाका, मग सलाइनने भरपूर धुवा, ग्लूआधी पुन्हा नको. ग्राफ्ट कॉर्नियावर उलटा पसरा, लिंबसची कड लिंबसला लावून. बेडवर थ्रोम्बिन, ग्राफ्टच्या वर आलेल्या पाठीवर फायब्रिनोजेन, दोन्हीकडे एकच छोटा थेंब. मग पान उलटावं तसा पलटा. ५०० युनिटचं काही सेकंदांत धरतं, नंतर सरकवलात की क्लॉट फाटतो. बोथट स्पॅच्युलाने (चपटी पट्टी) मधून कडेकडे दाबून जादा ग्लू बाहेर काढा, तीन मिनिटं हात लावू नका. जाड थर राहिला की ग्राफ्ट त्याच्यावर तरंगतो आणि कड वळते.

रक्तच_बरं: एक किट तिघांना पुरतं, तेवढं तरी करा म्हणजे खर्च निघेल.

मिरज_ओटी: मुळीच नको. मानवी प्लाझ्मापासून बनवलेलं आहे, व्हायल (औषधाची बाटली) एका पेशंटची. विरघळवल्यावर चार तासांत वापरायचं, उरलं तर टाकायचं. पॅकवर २ ते ८ अंश छापलं असेल तर मिरजेहून नेताना खोका आइसपॅकला थेट टेकवू नका, गोठतं.

वाळवा_१०: आईच्या डोळ्यात मांस वाढलंय, एरंडेल टाकलं तर वितळेल का?

कृष्णाकाठ: नाही. उन्हात गॉगल, टोपी, आणि बुबुळावर किती सरकलंय ते डॉक्टरांना दाखवा. डोळ्यात घरचं काहीच घालू नका.

विटेकर_नेत्र: शेवटचं पोव्हिडोन बंद करतो. पण कड नाकाकडचीच का वळते?

मिरज_ओटी: स्पेक्युलम (पापण्या उघड्या धरणारं साधन) कसं काढता? तसंच ओढलं तर पापणीबरोबर नाकाकडचा कंजंक्टायव्हा ताणला जातो आणि ग्राफ्टची ती कड उचलते. आधी स्क्रू सैल करा, वरची पापणी बोटाने बुबुळापासून उचलून धरा, मग काढा. पट्टी बांधण्याआधी पेशंटला दोन-तीनदा डोळा मिटायला लावून मायक्रोस्कोपखाली कड बघा. उचललेली दिसली तर तिथल्या तिथे पुन्हा थेंब लावता येतो.